मिरचीच्या पथारीवर मोजणी

नंदुरबारच्या बाहेर आमची पथारी.
लांबून बघाल तर जमीनच लाल वाटते.
देठ खुडणाऱ्या बायका उन्हात,
काटा आणि मी, मुनीम, सावलीत.

पाण्याच्या टाकीची चावी कुणाकडे असावी,
एवढाच प्रश्न होता.
शेठ म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा.
मोठ्या मनाचा माणूस, टाकी अर्धीच भरतो.

तिघी उभ्या राहिल्या : हिरकणबाई, वेणूबाई, झेलाबाई.
तीन घमेली मांडली. एक देठ म्हणजे एक मत.
पंधरा. चौदा. बारा.
हिरकणबाई निवडून आली,
मी वहीत लिहून खाली रेघ मारली.

तर दगूबाई उठली :
"मनं नही कोठे मोजं रे भाऊ?"
सव्वीस जणींचं नाही.
त्याला घमेलंच ठेवलं नव्हतं.

पुतण्या हेमराज धुळ्याला राज्यशास्त्र शिकतो,
सुट्टीत आलेला, बोटाला अजून मिरची लागली नव्हती.
म्हणाला, काका, फ्रान्सात दोनदा घेतात.
घेतलं.
झेलाबाई गळाली, तिच्या बारांतल्या नऊ वेणूकडे सरकल्या.
तेवीस विरुद्ध अठरा. वेणूबाई.
एका पाटीची मजुरी तेवढ्यात बुडाली, ते कुणी धरलं नाही.

मग म्हणाला, जोडीजोडीने लावून बघू.
झेला की हिरकण? झेला.
झेला की वेणू? झेला.
जिला सगळ्यात कमी देठ पडले होते
ती दोघींनाही भारी.
"हे कुठल्या देशात करतात रे?"
"कुठेच नाही काका, पण पुस्तकात आहे."

हॉलंडात जेवढी मतं तेवढ्या खुर्च्या.
बायकांना हे फार आवडलं.
चावी तिघींची.
तीन दिवस तिघींची बोलणी चालली,
टाकीला कुलूप.

मला म्हणाल तर नवल वाटलं नाही.
ओली मिरची, वाळलेली मिरची,
बारदानासकट, बारदानाशिवाय :
पोतं तेच, आकडे चार,
आणि चारही खरे.
मुनीमाला फक्त एवढं ठाऊक असावं लागतं
की शेठना आज कुठला हवाय.

शनिवारी हप्ता वाटायला बसलो.
घमेल्यांत देठ एकेचाळीस.
मजुरीच्या वहीत नावं बेचाळीस.
पुन्हा मोजली.

शेवटचं नाव मोगरीबाई वसावे,
धडगावकडून आठ दिवसांपूर्वी आलेली,
पथारीच्या त्या टोकाला बसते.
अहिराणी फार कळत नाही तिला.
तिला कुणी देठ दिला नव्हता.
वाटले तर मीच होते.

आणि मग आठवलं, कुलूप होतं ते तीन दिवस
हापशावरून कळशी कोण आणत होतं.
मीही दोनदा प्यालो होतो,
वहीवरून मान वर न करता.