बरणी

नोव्हेंबरात लीकच्या कांद्यांचा वाफा उकरताना
मेरेरिड प्रॉबर्टला खुरप्याच्या टोकाशी ते सापडलं:
बोटभर, पांढरं,
सोललेल्या लसणीसारखं ओलं.
आधी वाटलं, मुळाचा तुकडा.
मग तुकड्याने अंग आखडून घेतलं.

लोणच्याची बरणी, ओला कागद,
झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.
कार्डिफच्या संग्रहालयात फोन लावला.
"शिंगांच्या टोकाला काळे ठिपके आहेत का, बाई? डोळे?"
तिने चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
नाहीत, म्हणाली.
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात.
हिच्या तोंडात पाती आहेत.
पाठीवर घर नाही,
पाल्याशी देणंघेणं नाही.
रात्री मेरेरिडने एक गांडूळ आत सोडलं
आणि टॉर्चवर लाल रुमाल गुंडाळून बसली.
गांडूळ गेलं
विहिरीत दोर जावा तसं,
सावकाश, संपेपर्यंत.

मूळचं कुठलं, ते नक्की माहीत नाही.
कॉकेशसच्या गुहांमधलं असावं,
कुठल्याशा कुंडीच्या मातीतून आलं असेल.
असेल.
इद्वलचा आजाही कॉर्नवॉलहून आलेला,
कथिलाच्या खाणी बसल्यावर,
एक पेटी आणि खोकला घेऊन.

इद्वल स्वतः एकतीस वर्षं खाली होता.
कोळसा बंद झाला त्या साली
त्यांनी पुढच्या खोलीला मोठी खिडकी काढली,
ऊन येईल म्हणून.
तो जिन्याखालच्या अडगळीत जाऊन बसायचा,
दार लोटून, रिकाम्या बादलीशेजारी.
ती चहा न्यायची.
काळोखातून त्याचा हात अचूक कपावर यायचा.
दिवा लावू का, हे तिने एकदाच विचारलं.

आज येस्टिन आलाय, फोनवरचा पोरगा,
चिखलाचे बूट दाराबाहेर काढून, मोज्यांवर.
चिठ्ठीवर लिहायचंय: ठिकाण, तारीख, कुणाला सापडलं.
"ह्याचं पुढे काय?"
"अल्कोहोलमध्ये ठेवू. मग खणात."
"खण बंद असतो?"
"कुलूपबंद, बाई."
ती बरणी धरून खिडकीत थोडी उभी राहते.
ऊन आहे, म्हणजे वेल्समध्ये असतं तेवढं.
मग बरणीभोवती फडकं गुंडाळून देते.

वाफ्यात दुसरंही होतं.
ते तिने सांगितलं नाही.
त्याच्यावर पायाने माती ओढली होती तिने, हलकेच.
गांडुळं खाईल.
खाऊ दे.