कसर

बांधापलीकडे ओहोटी. चर्चमध्ये सात अंश.
आयलर्ट ऑर्गनच्या पोटात शिरलाय, दातांत टॉर्च.
"धर," तो आतून म्हणतो,
आणि टॉम्के, वय अकरा, कानांवर लोकरीची टोपी,
काळी पट्टी दाबून धरते.

दोन नळ्या एकमेकींना घासतात:
व्हँव, व्हँव, व्हँव.
तो मनगटाच्या नाडीवर लाटा मोजतो,
नळीच्या तोंडाला पितळी शंकू टेकवून
एकदाच ठोकतो.
मग थांबतो. बोटांच्या उबेनंही नळी चढते.
तिचा ताप उतरेपर्यंत
कुणी बोलायचं नाही.

हिशेब जुना आहे, आणि जमत नाही.
शुद्ध पंचमाच्या बारा पायऱ्या चढून गेलं
की षड्ज भेटतो खरा, पण घरात नाही;
उंबऱ्याच्या जरासा पुढे उभा.
चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला पुरत नाहीत,
तिथे पंचांग अधिक महिना घालून मोकळं होतं.
सप्तकाला ती सोय नाही.
राहिलेली कसर
कुणाच्या तरी अंगावर जिरवावी लागते.
तिचं इकडचं नाव कॉमा.
म्हणे स्वल्पविराम!

या ऑर्गनच्या कारागिरानं गंधार वाचवले.
आठ गंधार, असे निवांत
की ऐकताना खांदे आपोआप खाली येतात.
त्यासाठी अकरा पंचमांतून चिमूट चिमूट खुडलं
आणि सगळी उधारी बाराव्याच्या गळ्यात घातली.
तो विव्हळतो. त्याला लांडगा म्हणतात.

शनिवारी गेशेचं लग्न,
आणि तिचं आवडतं गाणं नेमकं लांडग्याच्या घरातलं.
मंडळाचं पत्र आलं: सगळे स्वर सारखे करा, खर्च मंजूर.
आयलर्टनं पत्राच्या पाठीवर नळ्यांचे आकडे लिहिले.
"लांडगा जात नाही, पास्टर.
त्याचे बारा वाटे पडतात.
मग घरोघरी थोडे केस, थोडी नखं."
पास्टर म्हणाले, "लग्न शनिवारी आहे."

शेवटी गाणंच अर्ध्या स्वरानं उतरवलं.
नवरीच्या काकाला जन्मात पहिल्यांदा
वरचा स्वर लागला,
आणि तो लागल्यावर काय करायचं हे न कळून
त्यानं पुढचं कडवं सोडून दिलं.

सोमवारी टॉम्के किल्ली द्यायला येते.
कुणी नाही. ती भाता सुरू करते.
पाय जमिनीला पोचत नाहीत.
दोन बोटं नेमकी तिथे ठेवते
आणि काढत नाही.

बांधावर आयलर्टची सायकल थांबते.
उतरत नाही तो. एक पाय गवतात,
हात मनगटाच्या नाडीवर.