तीन नंबर

शनिवारी संध्याकाळी कुंकळ्ळीच्या हॉलात ड्राफ्ट.
आठ वाडे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या,
आणि आमची पाळी सातवी.
सातवी, मग उलट फिरून दहावी,
मग थेट तेविसावी. तोवर चहाही संपलेला असतो.

बोस्त्यांव दुकानात आला, ठाणावर कोपर टेकून म्हणाला,
मेस्ता, यंदा स्ट्रायकर. एल्रॉय उरला तर डोळे मिटून एल्रॉय.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोललो नाही.
टाचण्या हे माझं नशीब.
बावीस वर्षं कमिटीला माझं मत कळलेलं नाही.

आता मशीन बंद आहे, तर सांगतो.
गोल आम्हाला कधी कमी पडले नाहीत.
गेल्या मोसमात सोळा केले.
खाल्ले एकवीस, त्यातले चौदा डाव्या बाजूने,
कापणी झालेल्या शेतात म्हशी शिरतात तसे,
कुणाला न विचारता.

तिथे ज्योवितो असायचा.
कंबर तीस, डावी मांडी उजवीपेक्षा दीड इंच जास्त:
त्याची चड्डी बेतताना मी दोन्ही पायांचं वेगळं माप घ्यायचो.
आता तो विलायतेत गोदामात खोकी उचलतो.
मोसमाच्या मधेच गेला, शर्ट धुऊन,
इस्त्री करून, परत देऊन गेला.
अजून माझ्या कपाटात आहे, दुसऱ्या खणात.
कमिटीने मागितला नाही. मी आठवण केली नाही.

गोली सांतान एक्केचाळीसचा,
खाली वाकला की वर यायला हात मागतो.
मधल्या फळीतला इनास डिसेंबरात तारवावर चढणार,
म्हणजे आमची सेमीफायनल असेल तेव्हा
तो कुठल्याशा समुद्रात चारशे माणसांची अंडी फोडत असेल.
आणि आम्ही घेणार स्ट्रायकर.
कॉलर फाटलेली, नि खिशावर भरतकाम.

माझी यादी बिलबुकाच्या मागच्या पानावर आहे.
सातवा: वीजखात्यातला मिंगेल.
दिसायला काही नाही, पण चेंडू येणार तिथे
हा आधीच उभा, खांबाखाली उभा असतो तसा. आणि डावखुरा.
पहिल्या फेरीत बॅक घेतला म्हणून हॉल हसेल. हसो.
दहावा: गोली. तरुण. चुकणारा चालेल.
तेविसावा: मधल्या फळीत कुणीही,
फक्त आधी विचारा, पासपोर्ट लाल आहे का.
स्ट्रायकर सव्विसाव्याला. ते उरतातच,
ज्याला त्याला गोल मारायचा असतो.

एकोणचाळीसाव्यापाशी पेन अडलं.

डब्यात यंदा तन्वेशचीही चिठ्ठी आहे.
माझा तन्वेश. फॉर्म भरला हे मला बोस्त्यांवकडून कळलं.
जागा: लेफ्ट बॅक.
पाय उजवा.
पळताना खांदे कानांपर्यंत नेतो,
वळायचं तर अर्धा कुणगा लागतो त्याला.
बापाने असं बोलू नये. पण मी मापं घेणारा माणूस,
टेपने लाज राखली की कापड बगलेत काचतं.

जाताना बोस्त्यांव दारात थांबला.
पोराला सातव्याला उचलू? तुझा मान राहील.
तेव्हा मात्र टाचण्या काढल्या.
खुळा झालास?
एकोणचाळीसावा. त्याआधी नको.
तो गेल्यावर सुचलं: मधेच दुसऱ्या वाड्याने उचलला तर?
तर पोरगा समोरून येईल,
आमच्याच उघड्या कडेने,
आणि मी बांधावर कुणासाठी ओरडणार?

रात्री शर्ट काढला.
तन्वेश झोपला होता, उताणा, दरवाजाएवढा.
ज्योवितोच्या खांद्यांपेक्षा इंचभर जास्तच.
शिवणीत मी नेहमी थोडं कापड आत सोडतो,
माणसं वाढतात म्हणून.
डावा खांदा उसवून ठेवलाय.
उजवा, शनिवारचं बघून.