काचेच्या त्या बाजूला

घसा दुखला होता तिचा, एवढंच.
पाचव्या दिवशी ताप उतरला
आणि सहाव्या सकाळी ऋजुता उठली
ती दुसरीच कुणी.

दार लावलंस?
लावलं.
लावलंस ना?
हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा,
कोरड्या मिठागरासारख्या.
भात गिळेना, अडकेल म्हणून.
आणि वहीतला तिचा ळ,
दोन गुबगुबीत वेटोळ्यांचा,
कोळ्यासारखा पाय झाडत ओळीबाहेर गेला.

सोहारच्या दवाखान्यात म्हणाले, हट्ट आहे.
दुसरे म्हणाले, नव्या शाळेचा ताण.
सासूबाई फोनवरून, मीठ-मोहरी उतरून टाक.
टाकली. तव्यावर मिरच्या तडतडल्या
आणि स्मोक अलार्म असा कोकलला
की चारही मजले चपला शोधत खाली.
तेव्हाही ती हसली नाही.

मस्कतला, दोन तासांवर, डॉक्टर बुसैना
कागदावर मेंदू काढते, आंब्याच्या कोयीएवढा.
जंतू गेले, म्हणते,
पण त्यांच्या मागावर निघालेले
आता हिलाच चोर समजतायत.
मला चटकन कळलं.
आमचा वॉचमन अकरा वर्षं बघतोय मला,
अजून कार्ड मागतो.

मग पर्याय.
पेनिसिलीन, जंतू परत येऊ नयेत म्हणून.
सूज उतरवायच्या गोळ्या.
त्या पुरल्या नाहीत तर स्टेरॉइड,
चेहरा गोल होईल, भूक खवळेल.
भूक! मी जवळजवळ हसलेच.
सोबत एक बाई, जी तिला शिकवेल
नळाजवळ उभं राहून हात न धुणं,
आणि मला शिकवेल
'लावलं' न म्हणणं.
तरीही नाही, तर सलाइनमधून अँटिबॉडी,
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून गाळलेल्या.
खात्री?
पुरावा अजून थोडाच आहे, ती म्हणाली,
आणि तिथे माझा तिच्यावर विश्वास बसला.

गोळ्या झाल्या. स्टेरॉइड झालं.
तीन आठवडे आमची पोर परत आली, मग गेली.
विम्यानं नाही म्हटलं, एका ओळीत.
हेरंबनं ग्रॅच्युइटीचा हिशोब
विजेच्या बिलामागे मांडला,
रियालांत, मग रुपयांत,
मग बिल पालथं घातलं.

थेंब. थेंब. सहा तास.
हजार माणसं आहेत ह्या बाटलीत, मी तिला सांगते.
त्यांनी हात धुतले होते?
मी गप्प राहते. शिकवलंय तसं.
जीभ दातांत धरून.

बाहेर ऑगस्ट. एसीनं गारठलेल्या खिडकीवर
बाहेरून दव धरलंय, रस्ता दिसत नाही.
सुई नसलेल्या हाताचं बोट
ती आतून काचेला टेकवते.
एक वेटोळं, दुसरं, वर रेघ.
काहीच उमटत नाही,
पाणी सगळं त्या बाजूला.
ती परत काढते.
परत.

हा आजार की सराव,
मला ओळखता येत नाही.
मी मोजत नाही.