तार

आधी प्लग काढ, यास्ना. मग विचार काय ते.
प्लग भिंतीत असताना
मी पात्याशेजारी बसून गप्पासुद्धा मारत नाही.

ही तुझ्या बापाची करवत.
खालचं झाकण मागे ओढून
तांब्याच्या तारेनं बांधून ठेवलंय त्यानं, बघ.
मार्चच्या आत बोटीची शेड उभी करायची होती,
आणि झाकण दर फळीच्या कडेला अडतं म्हणायचा.
अडतंच.
अडायलाच ठेवलंय त्याला.

पक्कड दे.
आता ही दांडी मागे ने, आणि सोड.
खट्.
पुन्हा.
खट्.
हा आवाज ऐकल्याशिवाय यापुढे
कुणी काही कापायचं नाही इथे.

फळ्या अचाओच्या शाळेतल्या, पाडली ना ती.
कोइग्वेचं लाकूड, ऐंशी वर्षं पोरांचे बूट खाल्लेलं.
लोहचुंबक फिरव. डोळ्यांवर जाऊ नकोस,
जुना खिळा लाकडाचाच रंग घेतो.
सापडला? तिथेच अजून एक असणार.
खिळे ठोकणारा माणूस एका खिळ्यावर कधी थांबलाय!

गुण्या लाव. रेघ मार.
चांगली बाजू खाली,
दाते खालून वर येतात आणि वरच्या अंगाचे टवके काढतात.
पातं फळीखाली किती दिसावं?
करंगळीच्या नखाएवढं. बास.
पूर्ण बाहेर काढून मिरवायला ती काय तलवार आहे?

आता नीट ऐक, कारण हे तो कधी बोलणार नाही.
फळी दोन घोड्यांवर टाकून मधोमध कापली,
तर ती मधेच खचते,
चिरेचे ओठ मिटतात, पातं आवळलं जातं,
आणि यंत्र उलटं उसळून तुझ्याकडे येतं.
तेव्हा झाकण बांधलेलं असलं तर
मधे काहीच नसतं. त्या दिवशी नव्हतं.
लाकूड ओलं होतं. तो बरोब्बर मागे उभा होता.
उरलेलं तू हॉस्पिटलात पाहिलंस.

म्हणून तोडायचा तुकडा घोड्याच्या बाहेर, अधांतरी,
राहायची बाजू क्लॅम्पनं घट्ट.
तुकडा पडतो. पडू दे.
पडणाऱ्याला धरायला धावायचं नाही.
आपल्या घरात हे जरा अवघड आहे, मला माहीत आहे.

केस बांध. बाह्या वर. हातमोजे नकोत.
चष्मा डोळ्यांवर, कपाळावर नाही.
वायर खांद्यावरून मागे.
पात्याच्या रेषेत नाही, बाजूला सरकून उभी राहा,
जसं कुणी रागात दार उघडणार असेल तर
आपण दाराच्या बाजूला उभं राहतो.
दोन्ही हात. हो, दुसराही. तो कमरेवर कशाला?

आता लाव प्लग.
पूर्ण वेगात येऊ दे तिला, मगच लाकडाला लाव.
ढकलू नकोस. ती चालेल तेवढंच तू चाल.

...

बोट सुटलं म्हणजे संपलं नाही.
पातं अजून फिरतंय.
खाली ठेवायची घाई नको. ऐक तिला.
उतरतेय, उतरतेय,
खट्.

भुश्याला शाळेचा वास आला, नाही?
मला तरी आला.

दारात कधीपासून उभा होता कोण जाणे,
डाव्या हातात मातेचा भोपळा, उजवा खिशात.
वर्षभर शेडकडे फिरकला नव्हता.
वाकून चिरेकडे बघितलं, म्हणाला,
"वाकडी गेलीय."
यास्ना म्हणाली, "हो, दोन मिलिमीटर."
"प्लग काढलास?"
तिनं वायरचं टोक त्याला दाखवलं.

मग तो बराच वेळ
बुटाच्या टोकानं भुसा उकरत राहिला,
चकाकणारं काही शोधल्यासारखा.

तार माझ्या खिशात आहे, बेलार्मिनो.
नाही देणार.