नाकाखाली बोट

विडी घरकुलातल्या दवाखान्यात, वरच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही सातजणी बसतो, सतरंजीवर.
सासूला सांगितलंय, बाळाचं वजन करायला जाते.
अगदीच खोटं नाही. वजन होतंच तिथे, कसलंतरी.

पहिल्या दिवशी कालिंदी सिस्टर म्हणाल्या, बोला.
कुणी बोललं नाही.
लावण्याने भाजक्या शेंगांचा डबा मधे ठेवला
आणि तासभर आम्ही टरफलांचा ढीग केला.
(तिथलं तिथेच ठेवायचं असा नियम आहे,
म्हणून नावं बदललीत. शेंगा खऱ्या.)

दुसऱ्या गुरुवारी ताहेरा म्हणाली,
सातवा लागलाय. गच्चीवर जायचं बंद केलंय.
कठडा ओढतो मला.
महानंदा कानडीत सुरू झाली, मराठीत रडली.
लावण्या म्हणाली, हजार विड्या मोजून झाल्या
तरी मोजणं थांबत नाही.
पायऱ्या मोजते, पत्र्याच्या पन्हळी मोजते,
मग पोराचे श्वास.

मी गप्प.
मी काय सांगणार होते?
की भिंतीपलीकडे चार माग चालतात रात्रभर, टॉवेलचे,
त्या खडखडाटात माझी पोर झोपते, मीही.
पण लाइट जाते, माग थांबतात,
आणि मला वाटतं, तीही थांबली.
मग बोट. नाकाखाली.
ऊब लागते. आडवी होते. परत बोट.
नवरा म्हणतो, जिवंत आहे गं.
ते मला माहीत असतं.
माहीत असून काही होत नाही.

मागच्या गुरुवारी तिथेच लाइट गेली.
एप्रिलची दुपार. पंखा रेंगाळत थांबला,
खालचा लशींचा फ्रिज, रस्त्यापलीकडचे माग,
सगळं एकदम.
मी वाकले. बोट.
मान वर केली तर
सगळ्याच वाकलेल्या.
इवल्या नाकांखाली सगळ्यांची बोटं,
ताहेराचा तळवा पोटावर,
आणि कालिंदी सिस्टर, पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला,
त्या फोन उघडून बघत होत्या
तो शेवटचा ऑनलाइन कधी होता ते.

आधी कोण हसलं आठवत नाही.
पोरं दचकली, एकामागून एक भोकाड पसरलं,
खालून आयाबाई धावत आली, काय झालं गं?
काही नाही मावशी,
सगळ्यांचा श्वास चालू आहे.

त्या दिवशी मी बोलले. बरंच.

रात्री अजून जाग येते. काल दोनदा.
बोट पुढे होतं, आणि त्या अंधारात वाटतं,
नई जिंदगीत, शेळगीत, भवानी पेठेतल्या माळ्यावर
आत्ता अजून एक बोट आहे, अजून एक.
ऊब लागते.
पलीकडे माग सुरू होतात.