पाणी कुठे मुरतं

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
माझ्या गाडीचे सात महिने झाले,
म्हणजे तशी तक्रारीला जागा नाही.

पहिल्यांदा बंद पडली द्वारकेच्या सिग्नलला.
मागे मालेगावची एसटी, बाजूला टोमॅटोचे कॅरेट भरलेली पिकअप,
आणि मी चावी फिरवतेय. चावी कुठली,
बटण दाबतेय. बटणावर राग काढता येत नाही.
काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा,
इंजिनाचं चित्र,
लहान मुलाने काढलेल्या किटलीसारखं.

सर्व्हिस सेंटरला गारवा, कॉफी फुकट.
खैरनार नावाचा मुलगा टॅबवर बोट फिरवत:
"मॅडम, पेट्रोल कुठून भरता?"
गंगापूर रोडवरून, म्हटलं.
त्याने मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी
पेशंट रस्त्यावरची पाणीपुरी खातो म्हणाल्यावर.
सॉफ्टवेअर अपडेट केलं. गाडी धुऊन दिली.
धुतल्यावर बरं वाटतं खरं,
पाथर्डी फाट्यापर्यंत.

पंपावाला म्हणाला, आमचा टँकर थेट पानेवाडीचा,
गाडीतच असेल काहीतरी.
कंपनीच्या फोनवरची बाई म्हणाली,
आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे,
आणि सनई लावून निघून गेली.
सगळ्यांचे हात वर.
माझेच तेवढे स्टिअरिंगवर.

भद्रकालीत निसारभाईंकडे नेली.
बॉनेट उघडून, आतलं काळं प्लास्टिकचं झाकण बघत
ते बराच वेळ गप्प.
"पूर्वी पेचकस कानाला लावला की कळायचं.
आता ही कोड सांगते, दुखणं नाही सांगत."
तरी टाकीतून पावशेर पेट्रोल काढून दिलं
माझ्याच लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
"रात्रभर बाहेर ठेवा. हलवू नका."

सकाळी गॅलरीत बरणीत दोन थर.
वर फिकट पिवळा, खाली बोटभर ढगाळ,
मध्ये रेघ, पट्टीने मारल्यासारखी.
हल्ली पेट्रोलात उसाचा अर्क असतो म्हणतात.
माझं माहेर निफाडकडचं,
मळीचा वास लहानपणी दप्तरालाही यायचा.
नाक लावून शोधला. नाही आला.
आला पेट्रोलचा, आणि किंचित मेथीचा.

बरणी काउंटरवर ठेवली.
खैरनारने ती उजेडात धरली, खरोखर बघितली,
मग म्हणाला,
"मॅडम, बरणी आधी कोरडी होती ना?"

एक सांगायचं राहिलं.
मी सातपूरला नोझल तपासते.
इंजेक्टरचं टोक, त्याला भोकं,
केस जेमतेम जाईल एवढी.
बावीस वर्षं मायक्रोस्कोपवर
मान एकाच कोनात.
बरं ते हिरव्या ट्रेमध्ये, वाईट ते लाल.
महिनाअखेरीला कधी कधी एक कागद येतो:
किरकोळ फरक, चालवून घ्यावे.
खाली तीन सह्या. तिसरी माझी.

मी इथे काही कबूल करत नाहीये.
त्या खोक्यांचं पुढे काय होतं ते मला माहीत नाही.
पुण्याला जातात, चेन्नईला जातात, बोटीत बसतात.
कुठल्यातरी चौकात, कुणाच्यातरी काचेमागे
किटली पेटत असेल.
किंवा नसेल. फरक किरकोळच होता,
मी स्वतः मोजला होता.

चौथं जॉब कार्ड.
त्यात एक रकाना: ग्राहकाचे म्हणणे.
खैरनारने लिहिलं, "गाडी अडखळते."
मी म्हटलं, अजून लिही,
सकाळी, थंड असताना, चढावर,
आणि अडखळण्याआधी एक क्षण
ती अगदी छान चालते.
"एवढं बसत नाही मॅडम यात."
टॅब माझ्याकडे वळवला. इथे सही.

मी बोटाने सही केली,
तेव्हा तो खाली वाकून पुढच्या गाडीचा नंबर टाकत होता.
मानेचा कोन ओळखीचा वाटला.
"पाठ दुखते का रे?" विचारलं.
तो हसला, उत्तर दिलं नाही.

बरणी तिथेच विसरले.
झाकण लावलं होतं की नाही,
आठवत नाही.